किंमत कोण मोजतो? सुपरहिरोंचे चित्रपट आणि मालिका : एका प्रेक्षकाचे परखड मत

प्रस्तावना

सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयी साधारणपणे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे ही लहान मुलांची करमणूक आहे, तिची समीक्षा कसली करायची? दुसरे म्हणजे ही आजची पुराणकथाच आहे. पहिल्या मतात आळस आहे आणि दुसऱ्यात अतिशयोक्ती. दोन्ही मतांमुळे एखादा विशिष्ट चित्रपट चांगला का आणि वाईट का, हा साधा प्रश्न बाजूला पडतो.

प्रस्तुत पाठात आपण एकच कसोटी घेऊन काही चित्रपट आणि मालिका तपासणार आहोत. कसोटी अशी : नायकाच्या हातात जे सामर्थ्य आले आहे त्याची किंमत कोण मोजतो आणि ती किंमत पुढे परत मिळते का? माणूस उडू शकतो का, भिंतीवर चढू शकतो का, हे प्रश्न येथे गौण आहेत. कथेच्या सुरुवातीला आपण ते मान्य केलेलेच असते. पण त्या उडण्याने कोणाचे घर पडले आणि त्या घराचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे.

१. जुना दोष

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरना विकले होते. म्हणजे हा नायक जन्मापासूनच एका कंपनीची मालमत्ता होता. मालमत्ता मरू द्यायची नसते, ती टिकवायची असते. पुढे आपण ज्या दोषाची चर्चा करणार आहोत त्याचे मूळ येथे आहे.

१९७८ सालचा रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' पाहा. भूकंपात लोइस लेन गाडीसकट गाडली जाते आणि मरते. सुपरमॅनला सगळीकडे एकाच वेळी पोहोचता आलेले नाही. सर्वशक्तिमान माणसाच्या मर्यादेचा हा क्षण ख्रिस्टोफर रीव्हने मनापासून केला आहे. पण लगेच तो पृथ्वीभोवती वेगाने फिरतो, काळ मागे जातो आणि लोइस जिवंत होते. माझ्या मते त्या एका मिनिटात चित्रपट स्वतःच्याच सर्वोत्तम प्रसंगावर पाणी फिरवतो. काळच मागे नेता येत असेल तर पुढच्या कोणत्याही संकटाची भीती प्रेक्षकाने का बाळगावी?

२. किंमत मोजणारे चित्रपट

याच्या उलट सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन २' (२००४). यातल्या पीटर पार्करची पिझ्झा पोहोचवण्याची नोकरी जाते, घरभाडे थकते, अभ्यास मागे पडतो, मे काकूचे घर हातचे जाण्याची वेळ येते. लोकांना वाचवणारा हा मुलगा स्वतःच्या आयुष्यात सगळीकडे उशिरा पोहोचतो. आपल्यापैकी अनेकांनी शिक्षण आणि नोकरी यांची ओढाताण पाहिलेली असते, म्हणून हा पीटर परका वाटत नाही.

या चित्रपटातला सर्वांत धाडसी प्रसंग मारामारीचा नाही. बेन काकांच्या मृत्यूला आपणही कसे जबाबदार आहोत, हे पीटर काकूला सांगतो. ती काही बोलत नाही. त्याच्या हातातून आपला हात काढून घेते आणि उठून जाते. पुढे आगगाडी थांबवताना पीटर बेशुद्ध पडतो, तेव्हा डब्यातले प्रवासी त्याला हातांवर झेलून आत घेतात. मुखवटा नसलेला त्याचा चेहरा त्यांना दिसतो आणि हा तर पोरगाच आहे हे त्यांच्या लक्षात येते. त्या घडीला वाचवणारा आणि वाचलेले यांच्यातले अंतर मिटते.

जेम्स मॅन्गोल्डचा 'लोगन' (२०१७) आणखी पुढे जातो. म्हातारा होत चाललेला लोगन भाड्याची लिमोझिन चालवतो आणि आजारी चार्ल्स झेवियरची औषधे जमवतो. जगातले सर्वांत शक्तिशाली मन आता म्हातारपणाने ताब्यात राहत नाही, हीच भीती आहे. वाटेत एक शेतकरी कुटुंब या पाहुण्यांना जेवू घालते, रात्रीपुरता आसरा देते आणि त्याच रात्री ते संपूर्ण कुटुंब मारले जाते. हा प्रसंग पाहताना त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा. नायकाच्या जवळ येण्याची किंमत सामान्य माणसाने मोजली, हे चित्रपट लपवत नाही.

३. परत मिळालेली किंमत

मार्व्हल स्टुडिओच्या चित्रपटमालिकेची सुरुवात २००८ सालच्या 'आयर्न मॅन'ने झाली. दहा वर्षांनी आलेल्या 'अॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'च्या शेवटी विश्वातले निम्मे जीव धूळ होऊन नाहीसे होतात. 'एंडगेम' (२०१९) मध्ये ते परत येतात. या चित्रपटाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे : मधली पाच वर्षे तो पुसून टाकत नाही आणि टोनी स्टार्कला खरोखर मरू देतो. तो मृत्यू मला पटला होता.

पण पुढे काय झाले? पाच वर्षे नाहीसे झालेले लोक परतल्यावर घरे, नोकऱ्या, नाती यांचे काय होईल, हा विलक्षण विषय होता. त्याच वर्षीच्या स्पायडर-मॅन चित्रपटात तो शाळकरी विनोद झाला. 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' (२०२१) या मालिकेने विस्थापितांचा प्रश्न हाती घेतला खरा, पण त्यांची बाजू मांडणाऱ्या तरुणीला आत माणसे असलेली इमारत उडवायला लावली. ती एकदा खुनी ठरली की तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज उरत नाही. ही पटकथेतली पळवाट आहे आणि ती ओळखायला शिकले पाहिजे : विरोधकाचा मुद्दा बरोबर असेल तेव्हा त्याच्या हातून एक क्रूर कृत्य घडवून आणायचे.

२०२४ साली टोनी स्टार्कची भूमिका केलेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आता डॉक्टर डूम या वेगळ्या भूमिकेत परतणार असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'च्या आरंभी डेडपूल लोगनची कबर उकरतो आणि त्याच्याच हाडांनी शत्रूंना मारतो. प्रसंग विनोदी आहे, अनेकांना तो आवडलाही. मला मात्र त्यात या व्यवसायाचा अनवधानाने दिलेला कबुलीजबाब दिसतो : आम्ही कोणतीही कबर बंद राहू देणार नाही.

यावर असे म्हणता येईल की आपल्या लोककथांतही मेलेला नायक जिवंत होतो. होतो, पण तेथे पुन्हा जिवंत होण्यालाही मोल असते. कोणी तरी तप करते, कोणी तरी आपले आयुष्य देते. येथे पुनर्जन्माचे कारण पुढच्या चित्रपटाची तारीख असते.

४. किंमत दुसऱ्यानेच मोजली तर?

'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' (२०१६) या बाबतीत प्रामाणिकपणे सुरू होतो. लागोस शहरातल्या कारवाईत निरपराध माणसे मरतात. मुलगा गमावलेली एक आई टोनी स्टार्कला जाब विचारते. सुपरहिरोंवर संयुक्त राष्ट्रांचे नियंत्रण असावे, असा करार पुढे येतो. हा लोकशाहीतला मूलभूत प्रश्न आहे : बळ वापरणाऱ्यावर अंकुश कोणाचा? पण उत्तरार्धात कथा दोन मित्रांच्या भांडणाकडे आणि टोनीच्या आईवडिलांच्या खुनाकडे वळते. ती आई आणि तिचा प्रश्न मागे राहून जातात.

'वांडाव्हिजन' (२०२१) ही मालिका मांडणीच्या दृष्टीने मला फार आवडली. वेगवेगळ्या दशकांतल्या अमेरिकी विनोदी मालिकांचे रूप घेऊन ती एका स्त्रीचा शोक दाखवते. पण त्या शोकापायी वांडाने एका संपूर्ण गावाला मनाविरुद्ध कैदेत ठेवलेले असते. शेवटी ती गावकऱ्यांच्या रागीट नजरांमधून चालत जाते, आणि तिने केवढा त्याग केला हे त्यांना कधी कळणार नाही, असे तिला सांगितले जाते. येथे मालिकेचा तोल जातो. दुःख खरे असले तरी त्याने अपराध धुऊन निघत नाही.

क्रिस्टोफर नोलनच्या 'द डार्क नाइट'चे (२००८) प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जोकरला शोधण्यासाठी बॅटमॅन शहरातल्या प्रत्येक मोबाइल फोनचे पाळतीच्या यंत्रात रूपांतर करतो. त्याचा सहकारी लुशियस फॉक्स हरकत घेतो, पण एकदाच वापरू देतो आणि काम झाल्यावर यंत्र नष्ट होते. म्हणजे माणूस भला असेल आणि पाळत एकदाच असेल, तर चालते. हे उत्तर मला मान्य नाही. ज्यांचे बोलणे ऐकले गेले त्या नागरिकांना कोणीच काही विचारले नाही. तरीही हा चित्रपट मोठा आहे, कारण त्याच वेळी तो दोन बोटींचा प्रसंग दाखवतो. एका बोटीत कैदी, दुसरीत सामान्य नागरिक. दुसऱ्या बोटीला उडवण्याचे साधन दोघांकडेही आहे आणि दोघेही ते वापरत नाहीत. गॉथम शहराचे शील येथे लोकांनीच राखलेले असते, बॅटमॅनने नव्हे.

५. शैलीवरच प्रश्न करणाऱ्या मालिका

२०१९ साली आलेल्या दोन मालिका एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. 'द बॉइज'मध्ये वेगाने धावणारा एक सुपरहिरो ह्युई या तरुणाच्या प्रेयसीच्या अंगावरून आरपार जातो. कंपनी ह्युईला ४५,००० डॉलर आणि तोंड बंद ठेवण्याचा करार देऊ करते. आपल्या कसोटीचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. पहिला हंगाम म्हणूनच धारदार आहे. पण पुढे रक्तपात हाच मालिकेचा खेळ होतो. कंपनीच्या अखंड विस्ताराची टिंगल करणारी मालिका स्वतःच्या शाखा काढू लागते, तेव्हा टिंगल बोथट होते.

डेमन लिंडेलॉफच्या 'वॉचमेन'ने वेगळी वाट धरली. १९२१ साली अमेरिकेतल्या टल्सा शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर झालेल्या हत्याकांडापासून ती सुरू होते. मुखवटा का घालावा लागतो, याचे तिने दिलेले उत्तर ऐतिहासिक आहे : गोऱ्यांच्या राज्यात कृष्णवर्णीय पोलिसाला उघड्या चेहऱ्याने न्याय मागता येत नाही. नऊ भागांत ही कथा संपते. ती संपते, म्हणूनच तिच्यातल्या जखमा खऱ्या राहतात.

६. भारतीय उदाहरणे

शेखर कपूरचा 'मिस्टर इंडिया' (१९८७) आजही ताजा वाटतो, कारण त्यातला अरुण अदृश्य होण्याआधी भाडेकरू आहे आणि अनाथ मुलांची भूक भागवण्यासाठी धडपडतो आहे. बॉम्बस्फोटात चिमुरडी टीना मरते. ती परत येत नाही. हसऱ्याखेळत्या चित्रपटाने एवढे दुःख पेलले, ही त्याची ताकद आहे. त्या मानाने 'क्रिश' (२००६) मध्ये उड्या मोठ्या आहेत, पण मृत समजला गेलेला पिता शेवटी जिवंत सापडतो आणि हिशेब सोयीने मिटतो.

विक्रमादित्य मोटवानेच्या 'भावेश जोशी सुपरहिरो' (२०१८) मध्ये अलौकिक शक्ती नाही. मुंबईतली पाणीचोरी हा विषय आहे. एक मित्र पासपोर्टसाठी लाच देतो, दुसरा तत्त्वाला चिकटून राहतो आणि मारला जातो. पूर्वार्ध अस्सल आहे. उत्तरार्धात मुखवटा आणि मोटारसायकल पुढे येतात आणि नळाला पाणी नसलेली माणसे कमी दिसू लागतात, ही माझी तक्रार.

बेसिल जोसेफचा मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) मला यांत सर्वांत जवळचा वाटतो. एकाच रात्री वीज दोघांवर पडते : शिंपी जेसन आणि चहाच्या दुकानात काम करणारा शिबू. शिबूला गाव वेडा ठरवून दूर ठेवते. उषावरचे त्याचे अनेक वर्षांचे प्रेम फळाला येते न येते तोच गावकऱ्यांच्या रागाच्या आगीत ती मरते. गुरु सोमसुंदरम यांनी हा शिबू असा उभा केला आहे की खलनायक हा शब्द तोंडात अडखळतो. नायक आणि खलनायक यांच्यातला फरक विजेने केलेला नाही, गावाच्या वागणुकीने केला आहे. शेवटच्या लढाईत मात्र गाव अगदी निर्दोष होऊन बसते. आग लावणाऱ्या हातांचा हिशेब व्हायला हवा होता.

समारोप

ही केवळ करमणूक आहे, मग एवढी चिकित्सा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण करमणुकीतूनच आपल्याला कशाची तरी सवय लागत असते. भल्या माणसाच्या हातातले बळ तपासायचे नसते आणि पडलेल्या घरांकडे कॅमेरा वळत नाही तेव्हा आपणही वळायचे नसते, ही सवय चित्रपटगृहाबाहेरही आपल्यासोबत येते. म्हणून हे चित्रपट जरूर पाहावेत, टाळ्याही वाजवाव्यात. फक्त टाळी संपल्यावर पडद्याच्या कडेला कोण उभे होते, ते आठवून पाहावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या भाषेतला किंवा प्रदेशातला एखादा सुपरहिरो चित्रपट घ्या. नायकाच्या सामर्थ्याची किंमत त्यात कोण मोजतो?

२. विरोधकाचा मुद्दा रास्त असूनही त्याला क्रूर ठरवून कथा पुढे नेली आहे, असे एक उदाहरण शोधा. ते क्रूर कृत्य काढून टाकले तर कथेचे काय होईल?

३. 'द डार्क नाइट'मधील फोनची पाळत आणि बोटींचा प्रसंग यांची तुलना करा. चित्रपटाचा विश्वास शेवटी कोणावर आहे?