पोटापाण्याची पुस्तके

पुस्तक कसे वाचावे याविषयी पंडितांची मते पुष्कळ आहेत. माझी कसोटी मात्र अगदी प्रापंचिक आहे. कादंबरी असो, आत्मचरित्र असो की रहस्यकथा, चार-दोन प्रकरणे झाली की मी मनाशी विचारतो: या पुस्तकातली माणसे पोटासाठी करतात तरी काय? भिवंडीत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळताच येत नाही. इथे पुस्तक उघडले तरी कुठल्या ना कुठल्या गाळ्यातून मागाची खटखट कानांवर येत असते, आणि नायक खिडकीशी उभा राहून चंद्राकडे पाहू लागला की ती खटखट जरा मोठीच ऐकू येते.

या कसोटीला आमच्या कोकणपट्टीतले एक पुस्तक सर्वांत आधी उतरते. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. घरचे दारिद्र्य आणि कर्ज फिटावे म्हणून हा भिक्षुक ब्राह्मण काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा चांगली मिळेल, एवढाच त्याचा हिशेब. आणि गेला तो नेमका १८५७ च्या वणव्यात! इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ते साल सेनापतींच्या नावांनी भरलेले असते. गोडसे भटजींच्या पुस्तकात ते लुटारूंनी अडवलेल्या वाटांनी, उपासांनी आणि हातची दक्षिणा गेल्याच्या हळहळीने भरलेले आहे. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे शहराची लूट होत असताना जीव मुठीत धरून लपलेल्या माणसाला तहान-भूक लागतेच, आणि ते ते लपवीत नाहीत. शेवटी पदरी पडले काय, तर गंगेच्या पाण्याची कावड. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापले ते बरेच हात फिरवून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांना शक्य असेल त्यांनी मूळच वाचावे. भिक्षुकाची भाषा धुऊन पुसून घेतली की तिच्यातली भूकही थोडी धुतली जाते.

धुण्यावरून ‘स्मृतिचित्रे’ आठवणे अपरिहार्य आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळे असे, की मीठ-साखरही धुऊन घ्यावी! १९३४ पासून भागाभागाने आलेल्या या आत्मचरित्राला लोक विनोदी म्हणतात, आणि ते आहेही. पण मला त्यात दिसते ती संसार उभा करणारी बाई. टिळक कवी, उदार आणि लहरी. कवीची उदारता जगाला दिसते. डब्यातले पीठ संपल्याचे घरधनिणीलाच ठाऊक असते. तरी या बाईंच्या लिहिण्यात कडवटपणाचा टिपूस नाही. आपल्या थोर पुरुषांच्या कितीतरी चरित्रांत मला ही पिठाच्या डब्याची बाजू सापडत नाही, आणि मग तो थोर पुरुषही नीटसा सापडत नाही.

आता कुणी म्हणेल, मग बाबूराव अर्नाळकरांचे काय? त्यांच्या झुंजार आणि काळापहाडाला दिवाळीचा बोनस कुठून मिळतो? वाचकहो, तो प्रश्न तिथे सुचतच नाही. कथा सुचू देत नाही. आणि पोटापाण्याची गोष्टच काढायची तर हजारावर पुस्तके लिहिणारा हा माणूस कारागिरांचा कारागीर होता. नगावर काम करणाऱ्याची घाई त्यांच्या पानापानांत दिसते, हे खरे. पण वाचकाला ताटकळत ठेवायचे नाही, ही त्याच कारागिराची सचोटीही दिसते. मुलांना वाचनाची चटक लावण्याचे काम अशा पुस्तकांनी जितके केले तितके आम्हा शिक्षकांनी केलेले नाही.

कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ (१९७०) मी पुस्तकच समजतो. ते नुसते फडताळातले साधन नव्हे. वाटी आणि चमचा ही मापे घेऊन एका बाईने दुसरीशी केलेले ते बोलणे आहे. भांडी कोण घासणार याचा उल्लेख मात्र नाही; पण तो दोष साऱ्याच मराठी वाङ्मयाचा!

ऐतिहासिक कादंबऱ्यांपाशी माझे आणि घरच्या मंडळींचे जमत नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) वाचून घरात डोळे पुसले गेले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. माधवराव राबणारा पेशवा आहे, त्याला कर्जाची चिंता आहे. परंतु त्या कादंबरीच्या मागोमाग जी रांग लागली, तिच्यात नुसत्या शाली आणि समया. शाल विणली कुणी?

उलट ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर काहीच करीत नाही, तरी १९६३ ची ती कादंबरी माझ्या कसोटीला उतरते. कारण बापाचा पैसा तिच्यावर सावलीसारखा पडलेला आहे. आणि विश्राम बेडेकरांची १९३९ ची ‘रणांगण’? तिथे तर बोटीवर अशी माणसे आहेत, ज्यांचे घर, देश आणि धंदा हिटलरने हिसकावून घेतला. काय करता, या साध्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर उरलेले नाही. हेर्टाच्या प्रेमाइतकीच ही गोष्टही माझ्या काळजाला झोंबते.

‘बनगरवाडी’विषयी (१९५५) मी निःपक्षपाती राहू शकत नाही, मास्तराने मास्तरावरची कादंबरी वाचायची म्हटल्यावर दुसरे काय होणार! पण माडगूळकरांचे मोठेपण मास्तरात नाही. पोरे शाळेत का येत नाहीत याचे उत्तर ते व्याख्यानाने न देता मेंढरे दाखवून देतात. आणि दुष्काळात ती मेंढरे मरू लागली, माणसे वाट फुटेल तिकडे गेली, की शाळाही आपोआप संपते. इतक्या थोड्या पानांत गावाचे अर्थशास्त्र सांगणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

राहता राहिले आमचे गाव. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक मुंबईच्या गिरणगावाचे. १९८२ च्या संपानंतर मोडलेल्या धुरी कुटुंबाचे. ते मी भिवंडीत बसून वाचतो तेव्हा एक अवघड गोष्ट समोर येते. गिरण्यांचे जे काम त्या घरातून गेले, त्यातले पुष्कळसे आमच्या यंत्रमागांवर आले. तिथे एका घरात चूल विझली, इथे पत्र्याच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी सुरू झाली. नाटक पहिल्या घराचे आहे. दुसऱ्याची मोठी मराठी कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही.

‘मग तुम्हीच का लिहीत नाही?’ असे मला विचारतात. चार-सहा माग एकट्याने सांभाळणारा कारागीर पाठमोरा असूनही आवाजावरून ओळखतो की कुठल्या मागाचे काहीतरी बिनसले आहे. मला ती सगळी खटखट अजून एकच ऐकू येते. शिवाय या शेडमध्ये बोलणे चालते ते बरेचसे उर्दूत, भोजपुरीत, तेलुगूत. ती कादंबरी कदाचित लिहून झालीही असेल, आमच्याच एखाद्या गल्लीत, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत. ही अक्षरे शिकायला मी यंदा सुरुवात केली आहे. अलिफ, बे, पे पर्यंत मजल गेली आहे, आणि वर्गातली दोन मुले माझी वही तपासतात.