तंजावरच्या भिंती वाचताना

बृहदीश्वराच्या आवारात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. सुमारे दोनशे फुटांचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, इ. स. १०१० मध्ये पुरं झालेलं, आणि तेही कावेरीच्या भातखाचरांच्या मुलखात, जिथे आसपास खडकाचा पत्ता नाही. गाईड लगेच सांगतो, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, चांगली ऐसपैस पडते आणि लोक तिच्यात निवांत बसलेले असतात.

माझ्या मते मात्र या देवळाची खरी गोडी शिखरात नाही, जोत्यात आहे. जोत्याच्या थरांवरून तमिळ अक्षरांच्या ओळी धावतात. थर वळला की ओळही वळते. ग्रॅनाइटसारख्या हट्टी दगडात इतकी घोटीव अक्षरं काढणाऱ्या हातांना दाद द्यायची की लिहून घेणाऱ्याला, हेच कळत नाही. हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाचा हुकूम होता: आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे कुंदवै. राण्यांच्या आधी बहीण, हा क्रम फार बोलका आहे.

आणि मग ती यादी. राज्यभरातल्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची. नुसती संख्या नाही, एकेकीचं नाव आहे, बहुतेक नावांआधी ‘नक्कन’. शिवाय ती कुठल्या देवळातून आली, तिरुवारूरची की तिरुवैयारूची. तिचं घर कुठल्या गल्लीत, कुठल्या रांगेत, कितवं. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात. एखादी वारली, तर तिच्या जागी जवळच्या नातलगानं यावं, तो लायक नसेल तर दुसरी लायक व्यक्ती शोधावी, हेही ठरलेलं. मजकूर कोरडा, पार कारकुनी. पण हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा घर नंबर आपण वाचतोय, हे लक्षात आलं की पाय तिथून हलत नाहीत.

गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्यस्थितींपैकी, ८१ कोरलेली आहेत, नाचणारा खुद्द शिव. उरलेल्या २७ दगडांना छिन्नी लागलेलीच नाही. तिथे सहसा कुणाला सोडत नाहीत.

नंदी आणि सुब्रह्मण्याचं नाजूक देऊळ नायकांच्या काळातलं. ते ओलांडून प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला गेलं की अचानक आपली भाषा समोर येते. १८०३ मध्ये सरफोजी राजांनी कोरवलेला भोसले घराण्याचा इतिहास, भलामोठा. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात मिळवलेलं तंजावरचं हे राज्य सरफोजींनी १७९९च्या तहात कंपनीच्या हवाली केलं होतं. सत्ता उरली ती किल्ल्यापुरती. चोळानं भरल्या हातानं दानाचा हिशेब लिहिला, भोसल्यांनी हात रिकामे झाल्यावर वंशावळ. तिच्यात पुराण किती आणि इतिहास किती, ते अभ्यासकांनी निवडावं. वाचताना जाणवते ती निकड: राज्य गेलं, निदान नाव तरी दगडावर असू दे.

सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजींचं ग्रंथवेड दिसतं, तेही बघावंच. पण साहित्य म्हणून तोलायचं झालं तर माझं मत चोळांच्या घरयादीला. सकाळीच जावं, अनवाणी फिरायचं असतं आणि उन्हं चढली की फरशी चटके देते. दुपारी तर देऊळ बंदच असतं.