‘स्मृतिचित्रां’तील हंसूं

संकटकाळीं मनुष्यानें आनंदी राहावें, हा उपदेश करणें सोपें. परंतु तो आनंद आणावा कोठून, ह्याचें उत्तर उपदेशकाजवळ क्वचितच असतें. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. तें पुस्तक पुन्हा वाचतांना ह्या प्रश्नाचें उत्तर तेथें सांपडतें, असें आम्हांस वाटलें.

बाईंच्या वाट्यास आलेलें दुःख लहान नव्हतें. माहेरीं वडिलांचें सोंवळ्याचें वेड, सासरीं जाच, संसारांत दारिद्र्य, पोटच्या मुलांचे मृत्यु. त्यांतच १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा हयात असतां पोरकेपण नशिबीं आलें. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. तोंपर्यंतचीं वर्षें वाचतांना जीव गुदमरतो. तरीहि त्याच पानांवर आपण हंसतों.

हें हंसूं कोणत्या जातीचें? कोणी म्हणेल, दुःखावर घातलेलें पांघरूण. आम्हांस तें पटत नाहीं. पांघरूण घालणारा दुःख आंखडून सांगतो; बाई तें पुरतें सांगतात. टिळकांचा विसराळूपणा, हातीं पैसा न ठरूं देणारें औदार्य, न सांगतां घरांतून निघून जाणें ह्या गोष्टींनीं संसाराची दैना केली; पुस्तकांतील विनोदहि त्याच गोष्टींनीं पुरविला. शिवाय ज्या सोंवळ्यानें बालपण गांजलें, तेंच पुढें ख्रिस्ती पतीच्या घरीं वेगळी चूल मांडून आपण कसें जपलें, हेंहि त्या लपवीत नाहींत. दुसऱ्यास हंसण्याचा अधिकार त्यांनीं असा मिळविला आहे.

साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ १९३५ सालचें. तेथेंहि गरिबी आहे आणि गरिबींतले इवलेसे आनंदहि आहेत; पण तेथील बहुतेक आनंद एखाद्या संस्काराकडे बोट दाखवितो. बाईंची गंमत कशाकडेहि बोट दाखवीत नाहीं. ती घडली, आवडली, सांगितली, एवढेंच. शोकांत असलेल्या मनास कित्येकदां बोध जड होतो. अशी निर्हेतुक गंमत मात्र पेलते.

एक आक्षेप उरतो. ह्या हंसण्यानें टिळक फार स्वस्तांत सुटत नाहींत काय? पतीच्या औदार्याची किंमत रिकाम्या डब्यांनीं चुकविली ती पत्नीनें. आक्षेप खरा आहे. पण भांडणें, रुसवे, स्वतःचा संताप बाईंनीं वगळलेला नाहीं. हिशेब त्यांनीं माफ केला असेल. खोटा मात्र लिहिला नाहीं.

टिळक १९१९ सालीं वारले. त्यांच्या मागें, उतारवयांत, शाळेचें शिक्षण न मिळालेल्या ह्या बाईनें हें सर्व आठवून सांगितलें. ज्या घरांत आज आजारपण किंवा ओढगस्त असेल, तेथें रात्रीं जेवणें आटोपल्यावर ह्या पुस्तकाचीं चार पानें कोणीतरी मोठ्यानें वाचावीं. अडचण टळणार नाहीं. परंतु त्याच दिवसांत हंसण्याजोगें काय घडलें, तें घरांतल्या कोणास तरी आठवेल.