आपली जागा कोणाची?

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीत सूचना लागली : ‘सभासदाने पाहुण्याला गाडी आपल्या जागेवर लावायला सांगावी.’ शेजाऱ्याने ‘आपल्या सर्वांच्या’ असा अर्थ घेतला, दंड झाला. झामेनहॉफने १८८७ मध्ये मांडलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत ‘सिया’ म्हणजे कर्त्याचे स्वतःचे. त्यामुळे ‘सर्वांच्या’ हा अर्थ गळतो. पण कर्ता कोणता, सांगणारा की लावणारा? तिथले व्याकरण लावणाऱ्याकडे बोट दाखवते. पाहुण्याला तर जागाच नसते! नियमाने संदिग्धता मिटते, पण इथे अर्थ चुकतो. हा काटेकोरपणा मला म्हणूनच अपुरा वाटतो. ‘सभासदाच्या जागेवर’ असे नाम पुन्हा लिहिणे हाच उपाय. दंड आकारणाऱ्याने आधी एवढे कष्ट घ्यावेत.