'कणखर' : एका विशेषणाची चिकित्सा

गिरणगावातील किंवा दलित वस्तीतील स्त्रीविषयी लिहिताना मराठी समीक्षेच्या हाताशी एक विशेषण नेहमी तयार असते : 'कणखर'. 'खंबीर', 'सोशिक', 'लढाऊ' ही त्याचीच भावंडे. निंदेचा प्रतिवाद करता येतो. गौरवाचा प्रतिवाद करणारी स्त्री कृतघ्न ठरते. त्यामुळे हे शब्द चिकित्सेतून सहज निसटले आहेत.

परळ-लालबागच्या चाळींतील खाणावळवाल्या पाहाव्यात. बायकामुले गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना त्यांनी आपल्याच खोलीत रांधून जेवू घातले. कामगारांकडून पैसे महिन्याने येत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज मात्र थांबत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित केले आणि 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे राहिले. नाव देवतेचे, पण कामाचा पाया सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा. ही विसंगती अर्थपूर्ण आहे. अन्नपूर्णेची पळी रिती होत नाही, म्हणून ती स्वतः जेवली का, हे कोणी विचारत नाही. खाणावळवालीच्या बाबतीत संघटनेने तो प्रश्न विचारला. तिचा गौरव करणाऱ्या लेखनाने तो क्वचितच विचारला.

गिरणीच्या आतला व्यवहार याहून बोलका आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण घसरतच गेले. यंत्रांची फेररचना झाली, पाळ्या वाढल्या. स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती, आणि १९२९ च्या प्रसूतिलाभ कायद्यानंतर त्यांना कामावर ठेवणे मालकांना महाग वाटू लागले. चुलीपाशी विनावेतन राबताना जी कणखर, तीच वेतनाच्या जागी नाजूक! बळ हा स्वभावधर्म असता, तर तो गिरणीच्या फाटकाशी असा पालटला नसता.

कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या संदर्भात मिशेल वॉलेस यांनी 'ब्लॅक माचो अँड द मिथ ऑफ द सुपरवूमन' (१९७९) या ग्रंथात अशाच स्तुतीचा छडा लावला आहे. जिला काहीही सोसते असे एकदा मानले, की तिच्या दुखण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. गुलामगिरी आणि जात यांचे इतिहास भिन्न आहेत आणि ही तुलना ताणण्यात अर्थ नाही. परंतु स्तुतीची यंत्रणा दोन्हीकडे ओळखीची आहे. मराठीत तिला जातीचा आणखी एक पदर आहे. 'अन्नपूर्णा' ही पदवी दलित स्त्रीच्या वाट्याला सहसा येत नाही, कारण तिच्या हातचे अन्नच विटाळाचे मानले गेले. तिच्यासाठी 'लढाऊ' राखून ठेवलेले असते.

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे वाचन या विशेषणाने अडवले आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये आईचे बांबूचे विणकाम आणि स्वतःचे लेखन यांचे नाते लेखिकेने वेदनेच्या धाग्याने जोडले आहे. 'खंबीर आई'चा गौरव करणारा वाचक वेदनेच्या जागी बळ ठेवतो, आणि त्या भरात लेखनाची वीण, म्हणजे कारागिरी, पाहायचीच विसरतो. सोसणे थोर ठरले की लिहिणे दुय्यम ठरते.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेले हे लेखन त्यांनी त्याआधी कितीतरी वर्षे घरात लपवून ठेवले होते. समाजातील सुनांवर होणारे अत्याचार त्यांनी पुस्तकात निर्भीडपणे मांडले. नवऱ्याच्या संशयापायी स्वतः खाल्लेला मार मात्र त्यात नाही. तो पुढे माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत आला, आणि ती मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादाबरोबर छापली गेली. शीर्षकातील 'आमचं' हे अनेकवचन समूहाच्या अस्मितेचे म्हणून वाखाणले गेले. त्या अनेकवचनाआड एक बाई आपले एकवचनी दुखणे दडवून बसली होती, ही शक्यता समीक्षेने तपासली नाही. आणि पुस्तक लपवावे का लागले, याचे उत्तरही तिथेच होते.