रोजचा एक कागद

मंडळाच्या कुठल्याही दिवाळी कार्यक्रमाची पत्रिका काढून बघा. नाटकातल्या कलाकारांची नावं असतात, गाणाऱ्यांची असतात, ढोलपथकातल्या मुलांची तर ठळक अक्षरात असतात, आणि ती तशी असायलाच हवीत. चित्रकाराचं नाव मात्र त्यात कधी आलं नाही. चित्र काढणारं माणूस एकटं बसून काढतं. आपण टाळ्या वाजवायला जमतो तेव्हा त्याचं काम केव्हाच संपलेलं असतं. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत काकूंवर लिहायचं काम मी मागून घेतलं. नाव छापायचं नाही, या अटीवर त्या हो म्हणाल्या. लीड्स आणि आसपासच्या मराठी घरांत त्यांना सगळे काकू म्हणूनच ओळखतात, तेव्हा अडचण कसलीच नाही.

काकू कोल्हापूरच्या. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं, पुढे त्यांनी ए.टी.डी. केलं, काही वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि काकांच्या नोकरीमुळे इकडे आल्या. सामानात कॅम्लिनची रंगपेटी होती. तिच्यातल्या वड्या कधीच संपल्या, पण पेटी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि तिच्या झाकणावरच रंग कालवले जातात.

फेब्रुवारीत एका सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. सहा वाजले होते, बाहेर मिट्ट काळोख. काकूंनी चहा ओतला, टेबलावरचं प्लास्टिक पुसलं आणि कागद काढला. जलरंगाचा पूर्ण ताव बावीस बाय तीस इंचांचा असतो. त्या त्याचे आठ तुकडे करतात. रोज एक तुकडा. आजारपण, पाहुणे, प्रवास, काही असो, त्या दिवशीचा तुकडा त्या दिवशीच संपवायचा. चांगला झाला तरी दुसरा घ्यायचा नाही, बिघडला तरी दुसरा घ्यायचा नाही. मागे पेन्सिलीने मराठी आकड्यांत तारीख घालायची आणि साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवून द्यायचा. अशी खोकी कपाटात छतापर्यंत गेली आहेत.

त्या दिवशीचा विषय होता उजाडताना खिडकीतून दिसणारं आकाश. काकूंनी फळी जराशी तिरकी केली, सपाट ब्रशने सगळा कागद ओला केला आणि थांबल्या. पाण्याची चमक जाऊन कागद नुसता दमट दिसायला लागला, तेव्हा अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करून जो करडा होतो तो वरून सोडला. हे दोन रंग पाण्यात पूर्ण मिसळत नाहीत. निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, तांबूस जरा पुढे वाहत जातो, आणि ढगाच्या पोटात आपोआप एक ऊब येते. नळीतून तयार काळा घेतला तर ही ऊब मिळत नाही. पांढरा रंग त्यांच्याकडे नाहीच. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा. जलरंगात पांढरं लावता येत नाही, सोडता येतं, आणि कुठे सोडायचं हे ब्रश टेकवण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

मग पुन्हा थांबणं. काकू म्हणाल्या, "कोल्हापुरात मे महिन्यात ब्रश कागदाच्या या टोकाकडनं त्या टोकाला पोचेपर्यंत मागचं वाळलेलं असायचं. सर ओरडायचे, हात उचल, हात उचल. इथं उलटं. इथं वाळतच नाही. पहिली दोन वर्षं माझं प्रत्येक चित्र चिखल व्हायचं."

मला या बोलण्याचं फार मोल वाटतं. परदेशात कला टिकवली असं आपण म्हणतो, तेव्हा गावाकडून आणलेली वस्तू काचेच्या कपाटात जपावी तसं काहीतरी आपल्या मनात असतं. काकूंचा हात तसा राहिलेला नाही. यॉर्कशरच्या ओलसर हवेने त्यांच्याकडून घाई काढून घेतली आणि थांबणं शिकवलं. आज त्यांचे ढग जसे कडा विरघळून एकमेकांत जातात, तसे कोल्हापुरात जमले नसते. कला टिकली ती रोज कागद ओला होत राहिला म्हणून.

आणि हा कागद-पाण्याचा व्यवहार मुळात आला कुठून, तेही आपल्या मुलांना सांगायला हवं. घराजवळ एअर नदीच्या काठी ११५२ साली वसलेला कर्कस्टॉल मठ आहे. त्याच्या भग्न भिंती टॉमस गर्टिनने रंगवल्या, टर्नरने रंगवल्या. गर्टिन सत्ताविसाव्या वर्षी, १८०२ मध्ये गेला, पण इंग्लंडमध्ये जलरंगाला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यात या दोघांचा वाटा मोठा आहे. ही विद्या मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये इंग्रज शिक्षकांबरोबर पोचली आणि आपल्या लोकांनी ती आपली करून टाकली. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले चित्रकार धुरंधर तिथे शिकले, तिथेच शिकवू लागले, आणि पुढे त्या काळाविषयी त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं. आबालाल रहिमानही जे. जे.मध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाचं पाणी, झाडं, उजेड रंगवत राहिले. काकूंच्या लहानपणी घराघरांत आबालालांच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ ची, आणि आपल्या लीड्सच्या आर्ट गॅलरीचं दार उघडलं तेही १८८८ सालीच. तिथे इंग्रज चित्रकार कॉटमनच्या जलरंगांचा मोठा संग्रह आहे. काकू पहिल्यांदा तो बघायला गेल्या तेव्हा त्यांना परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटलंच नाही. सर शिकवायचे तेच सपाट, स्वच्छ वॉश समोर होते.

आता प्रदर्शनाविषयी. आमच्या भागातल्या वाचनालयाला लागून एक लहान दालन आहे, दोन लांब भिंती आणि एक आखूड. तिथे स्थानिक चित्रकारांना जागा देतात. काकूंनी पूर्वी दोनदा चित्रं पाठवली होती, दोन्ही वेळा ती परत आली. त्यांनी त्याविषयी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. या वर्षी त्यांना संपूर्ण दालन मिळालं. उत्तम तीस-एक चित्रं निवडा, असं सांगितलं होतं. काकूंनी निवड केलीच नाही. जानेवारी महिना घेतला, एक तारखेपासून एकतीसपर्यंत, आणि एकतीस कागद एका ओळीत लावले. सगळ्यांना सारखा माउंट, सारखी पातळ लाकडी चौकट, सगळे डोळ्यांच्या उंचीवर. बिघडलेलेही.

भिंतीपाशी उभं राहिल्यावर याचा अर्थ कळतो. तीन तारखेच्या कागदावर पाण्याचा ओघळ सरळ नदीतून खाली आला आहे. चौथ्या दिवशी तीच नदी, तोच पूल, फळी कमी तिरकी. सहाव्या दिवशी नदी जागेवर बसली आहे. शिकणं म्हणजे काय, हे इतक्या उघडपणे दाखवायला धैर्य लागतं. नऊ तारखेला फक्त गॅसवरचं पातेलं आहे, कारण त्या दिवशी काकांना ताप होता. चौदा तारखेला बशीत तिळाच्या वड्या. आणि एकोणीसला, बाहेर बर्फ पडून खिडकीतून काहीच दिसत नव्हतं तेव्हा, कोल्हापूरचा रंकाळा तलाव. डोळ्यासमोर नसलेली गोष्ट काढायची सवय त्यांना शाळेच्या परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या पेपरने लावली. संध्यामठ पाण्यात अर्धा बुडालेला, पाणी जवळजवळ कोऱ्या कागदाचं, एकच फिकट गुलाबी हात फिरवलेला. माझ्या मते भिंतीवरचं सर्वांत चांगलं चित्र हेच.

दुपारी मी राखणीला बसत होते. कालव्याकाठी रोज कुत्रा फिरवणारे एक वृद्ध गृहस्थ आले, बावीस तारखेच्या चित्रापाशी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, त्या दिवशी पाणी गोठलं होतं, तुम्ही बरोबर काढलंय. एक तरुण नर्स नुसत्या तारखा वाचत ओळीने आली. सव्वीस तारखेला तिच्या मुलीचा जन्म झाला होता. त्या दिवशीचं चित्र अगदी साधं होतं, राखाडी आकाश आणि समोरच्या घराची धुरांडी. तिने तेच घेतलं. विकल्या गेलेल्या चित्राखाली इथे लाल ठिपका लावतात. काकू त्याला टिकली म्हणतात, आणि आता दालनातल्या बाईही टिकली म्हणतात. ओळ मोडू नये म्हणून विकलेलं चित्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहिलं.

उद्घाटनाला आपल्यापैकी अकरा जण आले होते. गणपतीच्या आरतीला दोनशे येतात, म्हणून हा आकडा मला टोचला आणि तो मी इथे मुद्दाम लिहिते आहे. चित्र बघायला तिकीट नाही, रांग नाही, आणि काढणाऱ्याला आपलं माणूस दारातून आत येताना बघून जे वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही.

काकूंनी पुढच्या महिन्यापासून मंडळाच्या मुलांसाठी जलरंगाचा वर्ग सुरू करायचं कबूल केलं आहे, महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये. फी नाही. कागद आणि रंग काकू देणार आहेत. मुलांना जुने कपडे घालून आणा, सोबत पाण्यासाठी दोन डबे द्या, एक ब्रश धुवायचा आणि एक स्वच्छ पाण्याचा. आणि घरी रोज एक कागद संपवायची तयारी असेल तरच नाव द्या, असं काकूंनी बजावून सांगितलं आहे.