आर्थिक निर्बंध आणि इंटरनेटवरील संज्ञापन : इराणविषयक अमेरिकी परवान्यांची चिकित्सा

प्रस्तावना

आर्थिक निर्बंध हे युद्ध टाळून दुसऱ्या राष्ट्रावर दबाव आणण्याचे साधन मानले जाते. तेल, शस्त्रे, बँकव्यवहार यांवरील निर्बंधांची चर्चा अर्थशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत पुष्कळ झाली आहे. सामान्य माणसाच्या इंटरनेट-वापरावर त्यांचा होणारा परिणाम मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या अर्थखात्याने इराणच्या संदर्भात वेळोवेळी दिलेल्या सवलतींच्या परवान्यांची चिकित्सा केली आहे. संज्ञापनाला निर्बंधांतून वगळले आहे असे कायदा सांगतो. परंतु ते कोणत्या शब्दांत वगळले आहे आणि त्या शब्दांचा अर्थ कोण लावतो, यावरच माणसाच्या पदरात काय पडते हे ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘वैयक्तिक’ या विशेषणाचा प्रवास

अमेरिकेच्या बहुतेक निर्बंधांना १९७७ च्या आंतरराष्ट्रीय आणीबाणीविषयक आर्थिक अधिकार कायद्याचा आधार आहे. टपाल, तार, दूरध्वनी व इतर ‘वैयक्तिक’ संपर्क यांवर बंदी घालण्याचा अधिकार हा कायदा राष्ट्राध्यक्षांना देत नाही. अट एवढीच की त्यातून मूल्यवान वस्तूची देवघेव होऊ नये. १९८८ च्या दुरुस्तीने पुस्तके, चित्रपट यांसारखे माहितीपर साहित्यही वगळले. ही रचना टपाल आणि तारेच्या काळाला साजेशी होती. इंटरनेटच्या काळात मात्र ई-मेल पाठवणारा कोणत्या ना कोणत्या कंपनीची सेवा घेत असतो, आणि सेवेची निर्यात हाच निर्बंधांचा विषय ठरतो.

इराणमधील २००९ च्या निवडणुकोत्तर आंदोलनानंतर, मार्च २०१० मध्ये, ई-मेल, चॅट, समाजमाध्यमे, ब्लॉग आदी सेवांना परवानगी देण्यात आली. तिला दोन मर्यादा होत्या : संपर्क वैयक्तिक असावा आणि सेवा विनामूल्य असावी. मे २०१३ च्या ‘डी’ परवान्याने सशुल्क सेवांनाही वाट मोकळी करून दिली. महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२२ मध्ये ‘डी-२’ परवाना निघाला. त्यात ‘वैयक्तिक’ ही अट गाळली गेली आणि व्हिडिओ-बैठका, ई-लर्निंग, नकाशे, यंत्रभाषांतर यांचा स्पष्ट उल्लेख आला. एक विशेषण गळून पडण्यास बारा वर्षे लागली.

या विशेषणाला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की, ते लागू करणे जवळजवळ अशक्य होते. बातमीदाराने संपादकाला पाठवलेला वृत्तांत किंवा संशोधकाने सहकाऱ्याला पाठवलेला मसुदा वैयक्तिक म्हणावा की व्यावसायिक? हे ठरवण्याची जबाबदारी सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर होती.

अभ्यासक्रमाची मोजदाद

शिक्षणक्षेत्रातील उदाहरण अधिक बोलके आहे. जानेवारी २०१४ मध्ये कोर्सेरा या शैक्षणिक मंचाने इराण, क्यूबा व सुदान येथील विद्यार्थ्यांचा प्रवेश बंद केला. ऑनलाइन अभ्यासक्रम ही सेवेची निर्यात ठरते, असा अर्थ लावला गेला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये इराणसाठी ‘जी’ परवाना निघाला. त्याने मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, विधी व व्यवसाय या शाखांतील पदवीस्तरीय ऑनलाइन अभ्यासक्रमांना मुभा दिली. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांची मुभा मात्र त्याच शाखांच्या पदवीसाठी लागणाऱ्या प्रारंभिक अभ्यासक्रमांपुरती राहिली. परक्या देशातील विद्यार्थ्याने घरी बसून किती गणित शिकावे, हे अर्थखात्याच्या परवान्याने ठरवावे, ही गोष्ट कोणत्याही अध्यापकाला विचार करायला लावणारी आहे.

परवाना आणि प्रत्यक्ष व्यवहार

परवान्याने मुभा दिली म्हणजे सेवा मिळाली, असेही होत नाही. याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण दंडाचे भय. निर्बंधभंगासाठी दिवाणी दंड आकारताना हेतू सिद्ध करावा लागत नाही. अमेरिकी बनावटीची साधने इराणला पुरवल्याच्या प्रकरणात झेडटीई या चिनी कंपनीने २०१७ मध्ये १.१९ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. अशा स्थितीत इराणी ग्राहकाकडून मिळणारे अल्प उत्पन्न सोडून देणे कंपनीला सोयीचे वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये स्लॅक या कंपनीने इराणशी संबंध दिसलेली खाती बंद केली. त्यांत इराणबाहेर राहणाऱ्यांचीही खाती होती. कंपनीने नंतर क्षमा मागितली. गिटहब या संकेतस्थळाने २०१९ मध्ये इराणी संगणकतज्ज्ञांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. त्या उठण्यास जानेवारी २०२१ उजाडला. दुसरे कारण बँकव्यवहाराचे. सशुल्क सेवेला परवानगी असली, तरी आंतरराष्ट्रीय कार्डे चालत नसतील तर शुल्क भरायचे कसे?

एक आक्षेप

इराणी नागरिकाच्या संज्ञापनावर खरा घाला त्याचेच शासन घालते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. फेसबुक व ट्विटर यांवर तेथे २००९ पासून बंदी आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सुमारे आठवडाभर देशाचा बाह्य इंटरनेट-संपर्क जवळजवळ तोडण्यात आला. परंतु या आक्षेपाने निर्बंधांचे समर्थन होत नाही. इराणी शासन अंतर्गत ‘राष्ट्रीय माहिती जाळे’ उभारत आले आहे. परदेशी सेवा बंद झाल्या की विकासक व वापरकर्ते या जाळ्याकडे, म्हणजेच शासनाच्या देखरेखीकडे, ढकलले जातात. ज्या शासनाला वेसण घालायची, त्याच्याच हाती अशा रीतीने नागरिक सोपवला जातो.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न केवळ निर्बंधित राष्ट्रांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये, रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर लवकरच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. त्या वेळी भारताने वा अमेरिकेने या कंपनीवर निर्बंध घातलेले नव्हते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. सेवेचे शुल्क भरलेले असतानाही, भारतात लागू नसलेल्या निर्बंधांमुळे भारतातील कार्यालयाचा पत्रव्यवहार थांबू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले. आपल्या महाविद्यालयांचा पत्रव्यवहार, वर्ग व अभिलेखही आज अनेक ठिकाणी परदेशी कंपन्यांच्या सेवांवर चालतात.

निष्कर्ष

या चिकित्सेतून तीन गोष्टी पुढे येतात. एक, संज्ञापनाला दिलेली सवलत आंदोलन उसळल्यावर निघणाऱ्या परवान्यांवर अवलंबून न ठेवता निर्बंधाच्या मूळ कायद्यातच स्पष्ट व व्यापक शब्दांत असावयास हवी. दोन, सद्भावनेने संज्ञापन-सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दंडापासून संरक्षण हवे आणि खाते बंद करण्यापूर्वी ग्राहकाला पूर्वसूचना व आपली सामग्री परत घेण्याची मुदत मिळावयास हवी. तीन, भारतीय संस्थांनी सेवाकरार करताना परकीय निर्बंधांविषयीची कलमे तपासावीत आणि आपल्या अभिलेखांची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवावी. निर्बंध शासनाला शिक्षा करण्यासाठी घातले जातात. विद्यार्थ्याचा वर्ग आणि नागरिकाचे पत्र त्यांच्या कक्षेत येत असेल, तर त्या शिक्षेचे समर्थन करणाऱ्यांनीच त्याचे उत्तर द्यावयास हवे.